उघड्या डोळ्यांचा फोटो

आमच्या साडभाऊंनी आयुष्यात तुलना न करता केलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे लग्न. तेही दुसरी मुलगी पाहायला आर्वीला जायचं ठरलेलं असताना वडिलांनी पहिल्याच घरी होकार देऊन टाकला म्हणून. ती पहिल्या घरातली मुलगी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना मी ताई म्हणतो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यानंतर साडभाऊंनी घरात आणलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या शेजारी ठेवून, मोजून, उलटीपालटी करूनच आणली आहे, आणि निम्म्या वस्तू तर मोजून झाल्यावरही आणलेल्या नाहीत. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी धरणाच्या पाण्याची उंची वाचण्यात गेली. साहेब विचारायचे, आज पाणी किती? साडभाऊ आजचं सांगून थांबत नसत. कालच्यापेक्षा किती, परवापेक्षा किती आणि मागच्या वर्षी याच दिवशी किती, हे सगळं ऐकेपर्यंत साहेबांचा चहा गार व्हायचा.

निवृत्त होऊन ते हिंगणीला घरी बसले आणि ही सवय मोकळी सुटली. एकदा छत्री घ्यायची होती, तर दोन दुकानांतून दोन छत्र्या ‘दाखवून आणतो’ म्हणून आणल्या आणि अंगणात नळीच्या पाण्याखाली दहा-दहा मिनिटं उभे राहिले. डाव्या छत्रीखाली डावा खांदा भिजला, उजवीखाली उजवा. निकाल बरोबरीत सुटला म्हणून दोन्ही परत गेल्या आणि त्या पावसाळ्यात साडभाऊ गोणपाट डोक्यावर घेऊन फिरले. मिक्सरची तुलना दोन वर्षं चालली. तेवढ्या काळात ताईंनी पाट्यावर इतकं वाटण वाटलं की शेवटी त्याच म्हणाल्या, आता मिक्सर नको, हाताले सवय झाली. सेलूच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर जायचं टाळतो. मागे एकदा दोन हातांत दोन वांगी धरून ते इतका वेळ उभे राहिले की भाजीवाली बाई मलाच म्हणाली, ‘‘काका, हे वांगे घेऊन राह्यले का जवाई पाहून राह्यले?’’ साडभाऊंनी गंभीरपणे सांगितलं, ‘‘बाई, वांग्याले देठ तरी दिसते. जवायाचं काहीच दिसत नाई.’’ मीही ताईंच्या माहेरचा जावईच असल्यामुळे हे मला थोडं लागलं.

पण मला सांगायचं आहे ते कॅमेऱ्याचं. मागच्या डिसेंबरात ताईंची तब्येत एकाएकी बिघडली आणि त्यांना आठ दिवस वर्ध्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. रात्रीला माझी बायको थांबायची, साडभाऊ दिवसा थांबून संध्याकाळच्या बसने हिंगणीला परत यायचे. ताई ठणठणीत बऱ्या होऊन घरी आल्या. पुढच्या रविवारी साडभाऊ मला बोर धरणाच्या भिंतीवर फिरायला घेऊन गेले. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मला वाटलं उंची सांगतील. ते म्हणाले (तेही मला साडभाऊच म्हणतात), ‘‘साडभाऊ, त्या आठ दिवसांत घरी एकटा होतो तं सगळे अल्बम काढून पाह्यले. तुमच्या ताईचा डोळे उघडे असलेला एक फोटो नाई. एकबी नाई.’’ मग म्हणाले, ‘‘आमच्या मायचा फोटो तुमाले आठवते ना?’’

मला आठवत होता. त्यांच्या आईचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. ती गेल्यावर मतदान ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून हार घातला होता. तेरवीला आलेली माणसं फोटोला हात जोडायची आणि मग हळूच विचारायची, हे कोण? साडभाऊ त्या दिवशी दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, मायच आहे, मायच आहे.

तेव्हा प्रश्न असा होता की ताईंचा एक तरी उघड्या डोळ्यांचा, ताईंसारखाच दिसणारा फोटो हवा. तो कशासाठी हवा ते ताईंना सांगायचं नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, मी काय आत्ताच चालली का? मोबाईलने काढून पाहिले होते. डोळे मिटलेले. म्हणून साडभाऊंनी ठरवलं की दोष यंत्राचा आहे, आणि यंत्राचा दोष म्हटल्यावर तुलना आली.

दोन उमेदवार निघाले. एक मिररलेस, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात पूर्वी जो आरसा असायचा तो काढून टाकलेला. एक अल्ट्राकॉम्पॅक्ट, शर्टाच्या खिशात मावणारा. मिररलेसच्या बाजूने मुद्दा असा की तो माणसाचा डोळा स्वतः शोधतो, त्यावर नेम धरतो आणि एका सेकंदात पुष्कळ फोटो घेतो, तेव्हा एखाद्यात तरी पापणी वर असणारच. विरुद्ध मुद्दा, तो एवढा मोठा की समोर आणला की ताई पदर सारखा करून ताठ बसतील. अल्ट्राकॉम्पॅक्टच्या बाजूने मुद्दा, तो हातात लपतो, ताईंना कळायच्या आत काम होईल. विरुद्ध मुद्दा, उजेड कमी पडला की त्याचा फोटो पुसट येतो, आणि डोळा लावून पाहायची खिडकीच त्याला नाही, मागच्या पडद्याकडे पाहूनच काढायचा. साडभाऊंनी शंभर पानी वही घातली. वर्ध्याच्या दुकानात मी सोबत होतो. दुकानदाराने पहिल्यांदा चहा दिला, दुसऱ्यांदा पाणी दिलं आणि तिसऱ्यांदा अर्धं शटर ओढलं. साडभाऊ वाकून बाहेर आले आणि म्हणाले, माणूस चांगला आहे, पण घाई फार करते.

शेवटी त्यांचा पुलगावचा भाचा उपयोगी पडला. लग्नाचे फोटो काढणं हाच त्याचा धंदा, आणि दोन्ही जातींचे कॅमेरे त्याच्या घरी होते. त्याने ते पंधरा दिवसांसाठी दिले. साडभाऊंनी पहिलं काम केलं ते म्हणजे दोन्ही किराणा दुकानात नेऊन तराजूत घातले. मोठा भिंगासकट सातशे दहा ग्रॅम भरला, छोटा एकशे साठ. घरी येऊन हे आकडे त्यांनी ताईंना वाचून दाखवले. ताई म्हणाल्या, ‘‘म्हणजे एक दुधीएवढा अन् एक वांग्याएवढा. भाजी कोणाची करू?’’ मिररलेस म्हणजे काय हे समजावल्यावर म्हणाल्या, ‘‘ज्यात आरसा नाई त्याले बिनआरशाचा म्हणून विकतेत? मंग आपल्या बैलबंडीले बिनइंजिनची गाडी काऊन नाई म्हणत?’’ साडभाऊंनी वहीत काहीतरी लिहिलं.

माझ्याकडे त्यांनी दुसरं काम सोपवलं. मी वीज खात्यात मीटरच्या वाचनाचे तक्ते तपासतो, त्यामुळे मी तटस्थ आणि मोजणीला पक्का, असं त्यांचं मत. चार अल्बम पिशवीत घालून त्यांनी सेलूला माझ्या घरी पाठवले. ताईंचे डोळे नेमके किती वेळा मिटले ते मोजायचं होतं. मी दोन संध्याकाळी बसून मोजलं. ताई असलेले एकूण फोटो एकशे एकतीस. चाळिशी लावून पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की कित्येक फोटोंत खाली जमिनीवर एक सावली पडली आहे, एक गुडघा वाकवलेली. साडभाऊ सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढतात, तेव्हा ती त्यांचीच. जिथे सावली नव्हती तिथे बायकोला विचारून खात्री केली. असे साडभाऊंनी काढलेले चौऱ्याण्णव निघाले, दुसऱ्यांनी काढलेले सदतीस. साडभाऊंच्या चौऱ्याण्णवपैकी एकोणनव्वदमध्ये डोळे मिटलेले आणि उरलेल्या पाचांत ताईंची पाठ. दुसऱ्यांच्या सदतीसपैकी फक्त दोनांत मिटलेले, बाकी पस्तीसांत टक्क उघडे. म्हणजे ‘एकबी नाई’ हे साडभाऊंचं म्हणणं चूक होतं. त्यांनी फक्त स्वतः काढलेलेच फोटो पाहिले होते. बाकीचे त्यांच्या लेखी फोटोच नव्हते.

हा तक्ता घेऊन मी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हिंगणीला गेलो. पण तिथे चाचणी आधीच मांडली होती. अंगणात ताई खाटेवर कुरड्या घालत होत्या. खाटेपासून नऊ फुटांवर चुन्याची रेघ मारली होती. दोन्ही कॅमेरे स्टुलावर, प्रत्येकाचे चाळीस फोटो, दहा झाले की पाच मिनिटं विश्रांती, म्हणजे ताईंना थकवा येऊन निकाल बिघडायला नको. मला वही देऊन ताईंच्या शेजारी मोढ्यावर बसवलं. ताई मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, याईले सांगा, कुरडईचा चीक वाळून राह्यला.’’

पहिला मान मिररलेसचा. साडभाऊंनी तो डोळ्याला लावला, तोंडासकट अर्धा चेहरा त्याच्यामागे गेला, आणि चाळीस फोटो झाले. मग छोटा. तो त्यांनी हातभर लांब धरला, आणि त्या क्षणी इतक्या वर्षांत प्रथमच मी ताईंच्या जागेवरून साडभाऊंना फोटो काढताना पाहिलं. चष्मा कपाळावर गेला. डावा डोळा घट्ट मिटला. उजवा गुडघा वाकला. श्वास रोखल्यामुळे गाल फुगले, आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक हळूच बाहेर येऊन वर वळलं. शेजारी ताई हसायला लागल्या. ताई हसल्या की त्यांचे डोळे पूर्ण मिटतात, गालांत बुडून जातात. मीही हसलो असेन, कारण त्या पानावरचे माझे आकडे वाकडे आले आहेत.

निकाल असा: मिररलेस, चाळीसपैकी अडतीस उघडे. अल्ट्राकॉम्पॅक्ट, शून्य. साडभाऊंना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. ‘‘पाह्यलं? डोळा शोधते म्हणते ना, तं खरंच शोधते!’’ मला गप्प बसता आलं असतं. पण चुकीचा निष्कर्ष तक्त्याखाली लिहिला जात असेल तर माझ्याने राहवत नाही. मी म्हटलं, साडभाऊ, एक उलटतपासणी करू. मोठा कॅमेरा डोळ्याला न लावता लांब धरा, मागच्या पडद्यात पाहून काढा. त्यांनी दहा काढले. दहाच्या दहा मिटलेले. मग मी माझा तक्ता काढला आणि एकोणनव्वद, पाच, पस्तीस, दोन असं सगळं वाचून दाखवलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचं वर्णनही केलं. जिभेसकट. त्यांचा जुना रोलचा कॅमेराही साबणाच्या डबीएवढा होता, डोळ्याला लावला तरी गाल आणि जीभ दिसणारच.

साडभाऊंनी ताईंकडे पाहिलं. ‘‘म्हणजे तू मले हसत होती? बत्तीस वर्षं?’’

‘‘मंग काय रडू?’’ ताई म्हणाल्या. ‘‘एवढं मोजाले दोन माणसं अन् दोन मशिनी लागल्या. मले विचारलं असतं तं पह्यल्याच वर्षी सांगतलं असतं.’’

‘‘काऊन नाई सांगतलं?’’

‘‘सांगतलं असतं तं तुमी तोंड सरळ केलं असतं.’’ आणि त्या परत कुरड्या घालायला लागल्या.

कॅमेरे परत न्यायला भाचा आला तेव्हा अडतीस फोटो त्याच्या लॅपटॉपवर पाहिले. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. भाचा म्हणाला, मामा, कोणताही मोठा करून देतो. साडभाऊ एकेक पाहत गेले. ‘‘चांगले आहेत,’’ म्हणाले. ‘‘पण आधार कार्ड काढाले बसल्यासारखी दिसते.’’ मग छोट्या कॅमेऱ्यातले चाळीस मागितले. ते मोठ्याच्या मानाने पुसट होते, दोन-तीन हललेलेही होते. ते मात्र त्यांनी तीन वेळा पाहिले. मोठा कॅमेरा परत गेला. छोटा त्यांनी भाच्याकडून मागून घेतला, आणि या वेळी वहीत एक ओळही लिहिली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण साडभाऊ मनाने सरळ आहेत. आपलं तोंड कसं होतं हे कळल्यापासून त्यांना ते तसं ठेवता येत नाही. आता ते छोटा कॅमेरा लांब धरतात, पण चष्मा नाकावर, गुडघे सरळ, ओठ मिटलेले. ताईंच्या भाषेत सांगायचं तर कर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरसारखे. समोर ताई वाट पाहत बसतात आणि फोटो येतो, डोळे उघडे. दिवाळीपासून बावीस काढले, बावीसही उघडे. मी मोजले, पण तो आकडा कोणाला सांगितला नाही. साडभाऊंनी मुद्दाम जीभ बाहेर काढून पाहिली, तर ताई म्हणाल्या, असं नाई, ते वेगळंच होतं.

मागच्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको हिंगणीला जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर ताई ओट्यावर बसल्या आणि साडभाऊंनी खिशातून कॅमेरा काढला. मला एकदम वाटलं की मीच बिघडवलेलं आहे, तर मीच काहीतरी करावं. मी साडभाऊंच्या मागे जाऊन उभा राहिलो, त्यांच्या खांद्यावरून डोकं वर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा मिटला, गाल फुगवले आणि उजव्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून वर वळवली. सगळं क्रमाने, जसं पाहिलं होतं तसं. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग साडभाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

‘‘राहू द्या भाऊजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमाले नाई जमत ते.’’