लवंगीची एकुलती एक हरकत

तिला सगळे लवंगी म्हणत. अंगानं एवढीशी, पण तिच्या तोंडी लागलेल्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नसे. त्या सकाळी ती चित्रकथांच्या कचेरीचा जिना चढली तीच फणफणत. हातात ‘भोवरा’च्या नव्या अंकाचं प्रूफ होतं आणि ते तिनं इतकं घट्ट धरलं होतं की पानांना घड्या पडल्या होत्या.

भोवरा म्हणजे उभ्या जागी गरगर फिरून गुंडांना भिंतीवर आपटणारा पठ्ठ्या. आजोबांनी वाचलेला, आता नातवंडं वाचतात. त्याचा पहिला लेखक मूळचा कुस्तीच्या बातम्या लिहिणारा. त्याचा भोवरा फिरायचा, हाणायचा, “हट!” म्हणायचा आणि अंक संपायचा. गड्याला ना घर, ना दार, ना कुणी विचारणारं. तो लेखक थकला आणि काम लवंगीकडे आलं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “अहो, हा एवढा फिरतो, याला चक्कर कशी येत नाही?”

कचेरी हसली. पण तिनं आणलीच त्याला चक्कर. प्रत्येक मारामारीनंतर तो घराच्या पायरीवर डोकं धरून बसायचा, आणि शिवणाचं मशीन सोडून त्याची ताई खाली यायची, जग थांबेपर्यंत त्याचा हात धरून बसायची. पोरं तर वाचायचीच, त्यांच्या आयाही वाचायला लागल्या. आणि ही ताई कुठून आली म्हणाल, तर लवंगीच्या घरातून. आईबाप गेल्यावर थोरल्या बहिणीनं कपडे शिवून हिला वाढवलं. लग्नबिग्न राहूनच गेलं. दोघी अजून एकत्रच राहत. चष्मा, गळ्यातली टेप, दातात धरलेली टाचणी, सगळं जसंच्या तसं लवंगीनं चौकटीत बसवलं होतं. “माझी ताई कधी कंटाळली नाही,” असं ती कुणालाही सांगे.

आता लवंगीनंही काम सोडलं होतं आणि भोवरा तिसऱ्या लेखकाच्या हातात होता. त्याला ती नुसतं ‘नवा’ म्हणे. उंच, शांत, नको तेवढा नम्र. भांडायला गेलं तर समोरचा नम्र निघावा, याच्यासारखा संताप नाही.

“ताईला मारलंत?” दारातूनच तिनं तोफ डागली.

“बसा तर खरं,” संपादक म्हणाले.

“बसायला नाही आलेय. बाईमाणसाला मारल्याशिवाय तुमचे नायक मोठेच होत नाहीत का हो? आई मेली, बायको मेली, आता बहीण! आणि मग हा दात-ओठ खात गावभर फिरणार. वा रे मर्द!”

खरंच होतं ते, आणि संपादकांनाही ते ठाऊक होतं.

“ती मरते ते राहू द्या,” नवा म्हणाला. “मरण्याआधी ती काय बोलते ते वाचलंत?”

“वाचलं ना! तेच डोक्यात गेलंय.” तिनं पान उघडलं आणि ताईच्या तोंडचा फुगा मोठ्यानं वाचला. “‘ऊठ आता. तुझी चक्कर तू सांभाळ. मला कंटाळा आलाय इथे बसायचा.’ आणि हे सुनावून बाईसाहेब जळत्या घरात शेजारणीला काढायला जातात. ही ताई? माझी ताई असं बोलेल? मेल्या, तुला बहीण तरी आहे का?”

“आहे. थोरली आहे. तिला विचारूनच लिहिलंय.”

“मग ती तुझी! माझ्या ताईच्या तोंडी तिचं बोलणं कशाला कोंबतोस?”

“बाई, तुम्ही त्याला घर दिलंत. तुमच्याआधी तो नुसती मूठ होता, हे मी कुणालाही सांगेन. पण इतकी वर्षं झाली, तो अजून हात धरूनच बसतो. आणि ती? तिला त्या पायरीपलीकडे कुणी पाहिलंय?”

“हरकत!” लवंगी ओरडली.

संपादकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या कचेरीची रीतच तशी होती. काम सोडून गेलेल्या लेखकाला दर अंकाचं प्रूफ छापण्याआधी जायचं आणि उभ्या जन्मात एकदा, फक्त एकदा, त्याला हरकत घेता यायची. लिहिणाऱ्याच्या तोंडावर ‘हरकत’ म्हणायचं, बस. हरकत घेतलेलं छापत नसत, पुन्हा कधी लिहितही नसत. आणि ती मागे घेता यायची नाही, नाहीतर प्रत्येकानं रागात घेतली असती आणि चहा पिऊन सोडली असती. पहिल्या लेखकानं आपली हरकत भोवऱ्याच्या बुटांच्या रंगावर उधळली होती. मग भोवऱ्याला चक्कर येताना वाचून बिचारा हात चोळत बसला.

“विचार केलात ना?” संपादकांनी विचारलं. “ताई मग कधी उठायची नाही, कायम पायरीवरच राहील.”

“राहू दे! तिथेच शोभते ती.”

नव्यानं प्रूफ उचललं आणि तो आत गेला.

लवंगी घरी आली ती गड जिंकल्यासारखी. ताई मशीनवर होती.

“ताई, वाचवलं तुला! त्या दीडशहाण्यानं तुला मारलं होतं. वर काय बोलायला लावलं होतं माहितेय?”

“माहितेय,” ताई म्हणाली. “काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा वाचलं मी.” तिनं पाय थांबवला. “वाचवलं म्हणजे काय केलंस?”

“हरकत घेतली! आता कुणाची टाप नाही तुला हात लावायची. तू आपली पायरीवर, पहिल्यासारखी.”

ताईनं चष्मा काढला. लवंगीला वाटलं, रडतेय. पण ताई रडत नव्हती. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं, आणि असं लवंगीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“अगं, तू मरत होतीस!”

“मरू द्यायची होती! उठली तरी होती ना तिथून! त्या पोरानं पहिल्यांदा तिच्या तोंडात जीभ दिली. तीनदा वाचलं मी ते पान. म्हटलं, कुणाला तरी कळलं.”

“पण ताई... तू कधी कंटाळली नाहीस.”

“कंटाळले होते गं. किती कंटाळले होते! शिवून शिवून बोटं सुजायची, आणि तू गोष्टी लिहीत बसायचीस.”

लवंगीनं ताईच्या बोटांकडे नीट पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

“मग बोलली का नाहीस?” ती म्हणाली.

“तू मलाच लिहीत होतीस ना, छोटी,” ताई म्हणाली. “मला वाटायचं, एकदा तरी विचारशील.”