पुन्हा डावा हात

सुनेनं आज माझ्या गुडघ्यांना नीलगिरीचं तेल चोळलं आणि त्या वासानं मी मद्रासच्या जुन्या घरी पोचले.

आमचे हे बॉक्सिंगचे चॅम्पियन. पण तेव्हा ओळीनं तीन लढती हरले होते. लढतीआधी तेल लावून, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे तिकडच्या धोतराच्या, पट्ट्या मीच त्यांच्या हातांवर गुंडाळायची. आधी डावा, मग उजवा.

चौथ्या लढतीच्या दुपारी डावा बांधून झाला, तर त्यांनी पुन्हा डावाच पुढे केला. मी उरलेली पट्टी खाली ठेवली.

“आता पुरे हो. आज जाऊ नका.”

“बरं,” म्हणाले, आणि मोकळ्या उजव्या हातानं शांतपणे पट्टी सोडू लागले.

इतकी वर्षं मी समजत होते, डोक्याला मार बसून विसरले बिचारे. विसरले नव्हते. मी थांबवावं, याची वाट बघत होते.