आबांना दाखवलेला पिक्चर

आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीत झालं तेव्हा ते महिनाभर माझ्याकडे राहायला आले. एरवी पूर्णा सोडून ते कुठे रमत नाहीत. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत गँगमन म्हणून काढली. रूळ तपासायचे, स्लिपरखाली खडी भरायची, सैल झालेले बोल्ट आवळायचे. आई गेल्यावरही ते पूर्णेला स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहिले. माझ्याकडे आले की दुसऱ्या दिवसापासून परतीच्या गाडीची वेळ विचारायला लागायचे. या खेपेला डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं होतं, म्हणून थांबले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या काळात एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमावर सदरही लिहायचे. सुपरहिरोंच्या सिनेमांबद्दल माझं एक ठाम मत होतं आणि ते मी वर्गात, स्टाफरूममध्ये, सदरात, जिथे जागा मिळेल तिथे मांडायचे. या सिनेमांत इमारती कोसळतात, माणसं शंभर फूट उडून भिंतीवर आदळतात आणि कुणाच्या अंगावर ओरखडा दिसत नाही, हे मला खोटं वाटायचं. मारहाण दाखवायची तर तिनं माणसाच्या शरीराचं काय होतं तेही दाखवा, तरच सिनेमा गंभीर म्हणवून घ्यायला लायक, असं मी लिहायचे. रक्त दिसलं म्हणजे सिनेमा खरा झाला, असं मला मनापासून वाटायचं.

तसा एक सिनेमा आला. हिंदीत डब केलेला, फक्त मोठ्यांसाठीचा. नायक उतारवयाला लागलेला, त्याची ताकद कमी होत चाललेली, त्याची मुलगी कुणीतरी मारलेली. मला तो बघून लिहायचं होतं आणि घरात आबा दिवसभर खिडकीशी बसून कंटाळले होते.

"आबा, पिच्चरला येता का? नव्या डोळ्यानं बघा जरा."

"देवाचा हाय का?"

"देवासारखाच हाय. उडतो."

"उडतो म्हणल्यावर चल मग," आबा म्हणाले.

आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. आबांनी काळा चष्मा लावला होता. खांद्यावर नेहमीचा पांढरा टॉवेल होता. अंधार झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पहिला तासभर ते लहान मुलासारखे बघत राहिले. नायक ढगांतून गेला तेव्हा हसले. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "लय ग्वाड हाय ह्यो माणूस. पण घरात त्याचं कुणी ऐकत न्हाई."

सुट्टीनंतर तो प्रसंग आला. मुलीला मारणारा माणूस नायकाला एका रेल्वे स्टेशनवर सापडतो. नायक त्याला उचलतो आणि समोरून येणाऱ्या गाडीपुढे धरतो. अशा वेळी कॅमेरा बहुतेक दुसरीकडे वळतो. इथे तो वळला नाही. सगळं सावकाश दाखवलं, जवळून दाखवलं. संगीत वाढत गेलं. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. माझ्या अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर मनात वाक्यंही जुळायला लागली.

तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. आबा उभे राहिले होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी उलगडला होता आणि दोन्ही हातांनी त्याची दोन टोकं धरून ते पडद्याकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, खाली बसा की, दिसंना." मी त्यांचा हात धरला. ते बसले. टॉवेल मात्र सिनेमा संपेपर्यंत मांडीवर तसाच पसरलेला होता.

घरी आल्यावर मी त्यांच्या डोळ्यात औषध घातलं. औषध घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ते पलंगावर पडले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "झाकलं न्हाई कुणी त्याला."

"आबा, सिनेमा होता तो."

"म्हाईत हाय मला. तरी बी."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे आमच्या घरात कधीच बोललं गेलं नव्हतं. गाडीखाली कुणी आलं की ड्रायव्हर पुढच्या स्टेशनला कळवतो. स्टेशनातून गँगला निरोप येतो. जवळ जी गँग असेल ती जाते. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात आबांना जावं लागलं होतं. त्यांच्या मुकादमानं त्यांना एकच गोष्ट शिकवली. आधी झाकायचं, मग बाकीचं बघायचं. जवळ काहीही नसलं तर स्वतःच्या अंगावरचं काढून झाकायचं. त्यानंतर पोलीस येऊन पंचनामा करीपर्यंत कुणीतरी तिथं बसून राहायचं. कुत्री येतात, कावळे येतात.

"तीन-तीन, चार-चार तास बसावं लागायचं. बाकीचे कामाला जायचे. मी बसायचो. मला जमायचं ते."

"काय करायचात बसून?"

"काय करायचं? बोलायचो. कोण गावचा रे बाबा तू, असं. ऊन लय हाय आज. एकट्याला कसं ठिवावं?"

लहानपणी काही दिवस आबा घरात न येता आधी बाहेरच्या नळावर अंघोळ करायचे. त्या दिवशी ते मला उचलून घ्यायचे नाहीत. मी रुसून बसायचे आणि आई म्हणायची, अंगाला ऑइल लागलंय त्यांच्या. पाच मिनिटांत मला ते सगळे दिवस उलगडले. पाच मिनिटं झाली तसे आबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

त्याच आठवड्यात मी सदर लिहिलं. सिनेमाचं कौतुक केलं. हा रक्तपात प्रामाणिक आहे, असं लिहिलं. आणि पुरावा म्हणून आबांना उभं केलं. माझे वडील पूर्णेला गँगमन होते, रुळांवरचे मृतदेह त्यांनी आयुष्यभर गोळा केले, तो माणूस हा प्रसंग बघून हातात टॉवेल घेऊन उभा राहिला, यापेक्षा मोठी पावती कोणत्या सिनेमाला मिळणार, अशा अर्थाचं. गाडीखाली आलेल्या देहाची अवस्था कशी असायची, तो आबांनी सांगितलेला तपशीलही शेवटी दोन-तीन वाक्यांत घातला. मी इथे तो पुन्हा लिहिणार नाही. लिहून झाल्यावर मला रडू आलं होतं आणि मी ते चांगल्या लिखाणाचं लक्षण समजले. आबांना विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सदर छापून आलं तेव्हा आबा पूर्णेला परतले होते. लोकांनी त्या पानाचे फोटो एकमेकांना पाठवले. मला खूप फोन आले. एक प्राध्यापक म्हणाले, डोळे पाणावले. मी आबांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "वाचलं. शेजारच्यानं दाखवलं." आवाजावरून मला काही कळलं नाही. कळून घ्यायची घाईही नव्हती, कारण मी खुशीत होते.

दोन आठवड्यांनी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. "ताई, तुमचे वडील चार दिवस झाले बाहीर निघंना गेलेत. डबा दिला तर घेतेत, पण तसाच वापस देतेत." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेले.

खोलीचं दार लोटलेलं होतं. आबा भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. मला बघून उठले, पाणी दिलं. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा कणकण होती. मग मी शेजारणीकडे गेले आणि तिच्याकडून कळलं. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आबा रोज सकाळी चहाला जायचे. सदर आल्यापासून तिथली पोरं त्यांना सोडेनात. कसं असायचं आबा, डोकं वेगळं व्हायचं का, पिच्चरमधल्यासारखंच असतंय का. एकानं तर फोन समोर धरला आणि म्हणाला, "थोडं नीट सांगा, व्हिडिओ काढायलाय." आबा चहा अर्धा टाकून उठले. पण घराबाहेर पडणं बंद झालं ते त्याच्यामुळे नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोखर्णीकडची एक बाई त्यांना शोधत आली होती.

ते मला आबांनी स्वतः सांगितलं, संध्याकाळी, मी तिथंच मुक्काम करणार असं म्हटल्यावर.

बाई पन्नाशीची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा नवरा रूळ ओलांडताना गेला होता. त्या दिवशी त्याच्याजवळ आबा बसले होते. घरचे आले तेव्हा तिनं चेहरा बघायचा हट्ट धरला आणि आबांनी तिला बघू दिलं नाही. तिला म्हणाले होते, काही लागलेलं नाही माय, झोपल्यावानी हाय, पण पोलिसांनी कापड काढायचं न्हाई म्हणून सांगितलंय. त्यांची गँग सगळ्यांनाच असं सांगायची. त्यावर ती बाई इतकी वर्षं जगली होती. तिनं पोरं मोठी केली होती. आता तिच्या थोरल्या मुलानं तिला माझं सदर वाचून दाखवलं होतं. ती पेपरचं पान घडी करून घेऊन आली होती आणि तिनं आबांना विचारलं, "दादा, तुमी तर म्हणला होता झोपल्यावानी होते."

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? तेच सांगितलं पुन्हा. झोपल्यावानीच होता म्हणलं. तिनं ऐकून घेतलं. पण मानलं न्हाई. दारात बसली बराच येळ, मग गेली."

मी म्हटलं, "आबा, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता लिहिलं."

ते मग म्हणाले, "खोटं न्हाई लिवलंस तू. पण माय, ते मी तुला सांगितलं होतं."

एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या बाईचा पत्ता काढायचा प्रयत्न केला. आबांनी मना केलं. जाऊन काय सांगणार होते मी? माझं लिहिलेलं खोटं होतं असं सांगितलं असतं तर तिनं तेही मानलं नसतं. जी गोष्ट एकदा दिसली ती न दिसलेली करता येत नाही, हे मला, जी सगळं दाखवा म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होते तिला, कधी सुचलंच नव्हतं. संपादकांना फोन करून मी सदर बंद केलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्या जागेवर पाककृती आल्या.

काही महिन्यांनी तो सिनेमा मोबाइलवर आला. मी एकटीनं पुन्हा बघितला. मला ठरवायचं होतं, की त्या प्रसंगानं सिनेमा खोल केला होता की उथळ. प्रसंग आला, गाडी आली, संगीत वाढलं. माझ्या अंगावर काटा आला नाही. मागे नेऊन परत बघितलं. तिसऱ्यांदा बघताना मी चहा पीत होते. गाडी निघून गेल्यावर पडद्यावर पाऊस पडतो, नायक आकाशाकडे बघतो आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. त्या मेलेल्या माणसाजवळ कुणीच थांबत नाही. चार तास थांबणारा माणूस दाखवला असता तर तो सिनेमा कुणी बघितला नसता. मीसुद्धा नसता बघितला. मग मला असंही वाटलं, की निदान त्या प्रसंगानं आबांना माझ्याशी बोलतं केलं. तो नसता तर मला काहीच कळलं नसतं. पण कळून मी काय केलं, तेही माझ्यासमोरच होतं. सिनेमाला दोष द्यायचा म्हटलं तरी माझं सदर त्याच्या आधी आठवायचं.

त्याहून वाईट एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. आबांनी डोळे मिटून सांगितलेलं मी आठवायला गेले की मला पूर्णेजवळचे रूळ दिसत नाहीत. ऊन दिसत नाही, खडी दिसत नाही, टॉवेल पांघरून ठेवलेला माणूस आणि त्याच्याशी बोलत बसलेले तरुण आबा दिसत नाहीत. त्या सिनेमातलं स्टेशन दिसतं. सावकाश येणारी गाडी दिसते. मागे संगीत वाजतं. माझ्या वडिलांच्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम मी त्यांच्या शब्दांत एकदाच ऐकलं आणि तेवढंसुद्धा माझ्याजवळ राहिलं नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी धीर केला. पूर्णेला त्यांच्याजवळ बसले होते. म्हटलं, "आबा, मला पुन्हा एकदा सांगता का, तुमी तिथं कसं बसायचात ते? लिहायला नको. नुसतं ऐकायला."

 मला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "सांगितलं असतं. पण आता मी आठवायला लागलो की माझ्या बी डोळ्यापुढं ते पिच्चरमधलंच येतंय. किती जणांजवळ बसलो मी, एकाचं बी तोंड आठवंना गेलंय. तो उडणारा माणूस दिसतो नुसता."

बाहेरून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही गप्प बसलो, कारण त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.  मग आबांनी विचारलं, तुझी गाडी किती वाजता हाय. मी वेळ सांगितली. आता दर रविवारी मी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, विचारते. ते हो म्हणतात.