व्यंकटअण्णांच्या रक्ताची चौकशी

उदगीर सोडून एसटी औरादच्या रस्त्याला लागली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. पाट्यांवरची अक्षरं कन्नड झाली, पण रान तेच राहिलं. काढणीला आलेली तूर आणि अधूनमधून पोटऱ्यातली ज्वारी. खिडकीतून येणारा वारा गार होता आणि माझ्या पिशवीत नाशिकच्या डॉक्टरांचे रिपोर्ट होते. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सगळंच थोडं थोडं वर. या सगळ्याला मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं होतं.

आमच्या घराण्यात ही गोष्ट नवी नाही. माझे वडील आणि थोरले काका साठीच्या आत हृदयविकारानं गेले. “आपल्या रक्तातच आहे,” असं म्हणून आमच्याकडे हा विषय संपवला जातो. पण त्याच काकांचे चिरंजीव, औरादला धान्याचा व्यापार करणारे व्यंकटअण्णा, एकदा फोनवर म्हणाले, “कडगंचीच्या विद्यापीठातल्या एक मॅडम माझं खाणं बदलून रक्त तपासायल्यात. आतली जनुकं काय करायलीत ते बघतेत म्हणं. मी परत रक्त द्यायला जायलोय, तू बी चल.” मला राहवलं नाही.

स्टँडवर अण्णा उभे होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता.

“कामून असा बघायलास?” ते म्हणाले. “सदरा जुनाच हाय. आतला माणूस कमी झालाय.”

त्या दिवशी औरादचा बाजार होता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच ढिगाऱ्यावरच्या वांग्यांचा भाव करत होत्या. अण्णांनी पेरू घेतले, अंबाडीची मोठी जुडी घेतली आणि कढईतल्या जिलेबीकडे एकदा नीट बघून आपल्या गाडीत येऊन बसले. त्यांची लेक सारिका आळंद तालुक्यात मादन हिप्परग्याला दिली आहे. तिच्याकडे मुक्काम करून सकाळी उपाशीपोटी कडगंचीला जायचं, असा बेत होता.

बसवकल्याणच्या पुढं गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्या चाचांनी चाक खोलता खोलता आमच्यासाठी चहा मागवला. अण्णांनी साखर नको म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “शुगर है क्या?”

“है. बापकी मेहरबानी.”

चाचा हसले, अण्णा हसले नाहीत.

हिप्परग्याला पोहोचलो तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. “बर्री, कूड्री” (या, बसा) म्हणत विहीणबाई पुढं आल्या. सारिकाला दिवस गेलेले होते, ती भिंतीला टेकून वडिलांकडे बघत राहिली. ताटं वाढली गेली. मधोमध होळिगे (पुरणपोळी) आणि तिच्यावर तुप्पाची (तुपाची) धार.

अण्णांनी ताटावर हात आडवा धरला. “अक्का, मला हे नको.”

विहीणबाई थबकल्या. “लेकीच्या घरात गोड न खाता उठायलात. आमचं काय चुकलं का पाव्हणे?”

सारिकानं मान खाली घातली. पाहुणा गोडाला नाही म्हणतो, तेही लेकीच्या सासरी, याचा अर्थ त्या घरात काय होतो ते मला कळत होतं. अण्णा हळू म्हणाले, “तुमचं काई चुकलं न्हाई. माझे अप्पा असंच समोर येईल ते खात गेले. मला नातवंडाला खेळवायचंय.”

विहीणबाई आत गेल्या. परत आल्या त्या कडक भाकरी, पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी), अगशीची (जवसाची) चटणी आणि काकडी घेऊन. अण्णांनी भाकरी चुरून असं जेवण केलं की बाईंचा चेहरा निवळला. माझ्या ताटातल्या दोन होळिगे मात्र मी संपवल्या, कारण त्या फार चांगल्या झाल्या होत्या. व्याही तिसरीला हात घालत होते.

“ह्यांना बी शुगर हाय,” विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि त्यांनी ती पोळी उचलून आत नेली.

सकाळी सारिकाही आमच्याबरोबर निघाली. कडगंचीचं ते विद्यापीठाचं आवार उघड्या माळावर आहे, इमारती एकमेकींपासून लांब लांब. वसुधा मॅडम पन्नाशीच्या, साध्या बोलणाऱ्या. रक्त घेऊन झालं, अण्णांना उपमा मिळाला आणि मग मी माझा प्रश्न काढला. खाण्यानं जनुकं बदलतात का?

“जनुकं तीच राहतात,” त्या म्हणाल्या. “पेशी त्यातलं कोणतं किती वापरते, ते बदलतं. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णांच्या शरीरात बारीक दाह, म्हणजे आतली सूज, सतत चालू असते. आख्खं धान्य, भाज्या, चांगलं तेल असं खाणं ठेवलं की त्या दाहाशी जोडलेल्या काही जनुकांचं काम मंदावतं, असं आढळलंय. कधी कधी वजन फारसं न उतरताही.”

“मग माझी मंदावली का?” अण्णांनी विचारलं.

“एकट्या माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. आम्ही पुष्कळांचं एकत्र बघतो, आणि ते काम अजून चालू आहे. तुमची साखर आणि घेर उतरलाय, एवढं आज नक्की सांगते.”

“परत पहिल्यासारखं खाल्लं तर?”

“तर बहुतेक परत पहिल्यासारखं होईल.”

अण्णांचा चेहरा पडला. एवढ्या महिन्यांत त्यांनी गोडाला हात लावला नव्हता. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “मी लेकीला जे दिलंय रक्तातनं, ते आता परत घेता येतंय का?”

सारिका म्हणाली, “अप्पा, मला तुमचं नाक बी आलंय. ते बी घेता का परत?”

अण्णांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मॅडम सारिकाजवळ बसल्या. तिची साखर तपासली आहे का, घरात काय शिजतं, याची चौकशी त्यांनी सुरू केली. सारिका नीट उत्तरं देत होती, मधेच उलटे प्रश्नही विचारत होती. अण्णा ते सगळं कान देऊन ऐकत होते.

कलबुर्गी स्टेशनवर मला सोडताना ते म्हणाले, “मला वाटायलं होतं आज निकाल लागंल. निकाल न्हाईच, रोजचं खाणंच हाय.”

“सोडणार का मग?”

“न्हाई.” त्यांनी माझी पिशवी डब्यात ठेवली. “उतरल्यावर फोन कर.”

नाशिकला आल्यावर मी ज्वारीचं पीठ आणलं. माझ्या पेशींत काय चालू आहे आणि काय मंदावेल हे मला कोणी सांगणार नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं आता ओझं वाटत नाही, उत्सुकता वाटते. पहिल्या दोन भाकऱ्या तव्यावर मोडल्या. तिसरी कशीबशी गोल झाली, एका बाजूनं फुगलीसुद्धा. माझा तरुण मुलगा कामावरून आला होता. त्यानं काही न विचारता ती उचलली आणि उभ्यानंच खायला लागला.