समोरच्या वर्गातल्या बाई

टेक्सासला आल्यावर पहिली काही वर्षं मी घरीच होते. नवऱ्याची नोकरी ह्यूस्टनच्या एका तेलकंपनीत, घर शुगर लँडला. नागपूरला मी शाळेत गणित शिकवत असे. वर्क परमिट हातात आलं तशी इथल्या परीक्षा दिल्या, सर्टिफिकेट मिळवलं आणि घरापासून पाऊण तासाच्या ड्राइव्हवर, एका लहान गावाच्या मिडल स्कूलमध्ये गणिताची शिक्षिका म्हणून लागले. शाळेच्या एका बाजूला फुटबॉलचं मैदान होतं, मागे कुंपणापलीकडे कुणाची तरी गुरं चरत असायची.

माझ्या समोरच्या वर्गात टेक्सासचा इतिहास शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, केस अगदी आखूड. त्यांचा जन्म त्याच गावातला. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आईबापांना त्यांनीच शिकवलेलं. बोलताना इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’च, पण मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहो करायचे. माझ्यासाठी त्या इतिहासाच्या बाई होत्या, नागपूरच्या शाळेत असतात तशा.

पहिल्या वर्षी माझ्या उच्चारांवर मुलं हसायची. मी आवाज चढवला की आणखी हसायची. एकदा ऑफ पीरियडला बाई माझ्या वर्गात मागे येऊन बसल्या. नंतर म्हणाल्या, “आवाज चढवू नका. खाली आणा. ऐकायला यावं म्हणून ती आपोआप पुढे वाकतील.” तसंच झालं. त्यांनी मला शिकवायला शिकवलं असं म्हटलं तरी चालेल.

शाळेत वर्षातून काही वेळा लॉकडाऊनची ड्रिल व्हायची. दाराला आतून कुलूप, दिवे बंद, दारातल्या उभ्या काचेवर कागद, आणि मुलं दारापासून लांबच्या भिंतीला टेकून जमिनीवर. कुणीही हाक मारली तरी दार उघडायचं नाही, हा नियम. प्रिन्सिपल स्वतः कॉरिडॉरमधून फिरायचे आणि एकेक दाराची मूठ हलवून बघायचे. ड्रिल आहे हे माहीत असूनही मूठ हलली की वर्गातलं कुणीतरी दचकायचंच. बहुतेकदा मीच.

मग २००७च्या वसंतात दूरच्या एका राज्यात, एका विद्यापीठात गोळीबार झाला. दोन दिवस स्टाफरूममधला टीव्ही कुणी बंद केला नाही. त्यानंतर आमच्या स्कूल बोर्डाच्या एका सदस्याने प्रस्ताव मांडला. गाव आडबाजूला, शेरीफच्या माणसांना पोचायला वीस मिनिटं लागणार. तोवर काय करायचं? ज्या शिक्षकांची तयारी असेल त्यांना ट्रेनिंग द्यावं आणि शाळेत बंदूक बाळगू द्यावी. कुणाकडे आहे हे मात्र गुप्त ठेवायचं. मुलांनाही कळता कामा नये, आणि इतर शिक्षकांनाही.

स्टाफरूममध्ये यावरून रोज वाद. फुटबॉलचे कोच म्हणायचे, “निदान काहीतरी हातात असेल.” सायन्स शिकवणारी मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, म्हणायची, “तुमच्याकडे असेल तर मी तुमच्या शेजारच्या वर्गात शिकवणार नाही.” बाई सहसा गप्प असत. एकदाच म्हणाल्या, “कुणी आलं तर मी दारात उभी राहणार, एवढं मला माहीत आहे. रिकाम्या हाताने उभी राहू का, एवढाच प्रश्न आहे.”

घरीही तोच विषय. नवरा ऑफिसच्या मित्रांबरोबर अधूनमधून शूटिंग रेंजवर जायला लागला होता. एका शनिवारी म्हणाला, “तू एकदा ट्राय तर कर. बोर्डाने परवानगी दिली तर तू पण घे यार. तू तिथे एवढ्या लांब असतेस, मला टेन्शन येतं.”

“मी गणित शिकवते,” मी म्हटलं.

“येणारा माणूस विषय विचारून येत नाही.”

मी गेले. समोर कागदावर माणसाची काळी आकृती, डोकं, खांदे, छाती. शिकवणाऱ्याने माझे हात धरून नीट ठेवले. आवाज कानांवरच्या मफमधूनही छातीत आदळला. माझी गोळी आकृतीच्या खांद्यात लागली. “नॉट बॅड,” नवरा म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. मला आश्चर्य याचं वाटलं की दुसऱ्या खेपेला मला भीती वाटली नाही. संध्याकाळी कणीक मळताना बोटांना बंदुकीच्या दारूचा जळका वास येत होता. मी पुन्हा रेंजवर गेले नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. बोर्डाचा निर्णय लांबला होता. पण आता मी लोकांकडे वेगळ्या नजरेने बघत होते. एवढा उकाडा, आणि अमक्याने आत जॅकेट का घातलंय? तमकी पर्स टेबलावर न ठेवता खांद्यालाच का अडकवून फिरते? परवानगी नव्हती, म्हणजे कुणाकडे काही नव्हतं. असं मी स्वतःला समजावत असे.

त्या ऑक्टोबरमध्ये माझ्या दुपारच्या वर्गात एक मुलगी होती, व्हॉलीबॉल खेळताना पाय मोडलेली. अॅल्युमिनियमच्या कुबड्या घेऊन चालायची. गर्दीत धक्का लागू नये म्हणून तिला बेल व्हायच्या आधी सोडायचं असा नियम होता. हसरी, बडबडी, कुबड्यांना तिने रंगीत टेप गुंडाळलेली. त्या दिवशी वर्ग सुरू झाल्यावर पाय ठणकतोय म्हणाली, म्हणून मी तिला नर्सकडे पाठवलं.

थोड्या वेळाने स्पीकरवर प्रिन्सिपलचा आवाज आला. “लॉकडाऊन. धिस इज नॉट अ ड्रिल.” एवढंच. ते एरवी आधी ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचे.

मी कुलूप लावलं, दिवे घालवले, काचेवर कागद सरकवला. मुलं भिंतीला टेकली. मी तिची रिकामी खुर्ची पाहिली आणि मनाशी म्हटलं, नर्सने तिला तिथेच ठेवून घेतलं असणार. कॉरिडॉरमधलेही दिवे बंद झाले होते. दाराखालची प्रकाशाची रेघ नाहीशी झाली. एक मुलगा अंधारात हुंदके देत होता, त्याच्या शेजारच्याने त्याचा हात धरला होता. बाहेर दूर कुठेतरी सायरन वाजत होते, पण जवळ येत नव्हते.

मग कॉरिडॉरच्या टोकाकडून आवाज यायला लागला. धातूचा, ठक, आणि मग काहीतरी घासल्याचा. थांबायचा, पुन्हा ठक. वर्गातली मुलं एकमेकांना चिकटली. मला तो आवाज ओळखीचा होता. नर्सकडून परत येताना तिला मध्येच लॉकडाऊनने गाठलं होतं. वाटेतल्या वर्गांनी दारं उघडली नसणार, कारण नियम तोच होता. ती आपल्या वर्गाकडे निघाली होती.

आवाज आमच्या दारापाशी येऊन थांबला. त्याच क्षणी समोरच्या दाराची बिजागरी करकरली.

मी नियमाचा विचार केला नाही. कुलूप फिरवून दार उघडलं. कॉरिडॉरच्या टोकाच्या दारातून थोडा उजेड येत होता. मुलगी माझ्यापुढे, एका पायावर, दार ठोठावायला एक कुबडी उचललेली. तिच्या मागे समोरचं दार अर्धं उघडलेलं आणि त्यात बाई. दोन्ही हात पुढे ताणलेले, हातांत पिस्तूल. रोख सरळ तिच्या पाठीवर.

“बाई, थांबा!”

मी हे मराठीत ओरडले, ते मला नंतर कळलं. मुलीचा दंड धरून तिला आत ओढलं. कुबडी फरशीवर पडली, तो आवाज फार मोठा झाला. बाईंच्या हातातलं पिस्तूल खाली आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. मग दोघींनी आपापली दारं लावली.

मुलगी भिंतीशी बसली आणि माझ्या बाहीला धरून राहिली. तिने मान वळवून मागे पाहिलेलं मी पाहिलं होतं. पोलीस येऊन वर्ग एकेक करून उघडेपर्यंत बराच वेळ गेला. एक माणूस जवळच्या गावात कुणावर तरी गोळी झाडून पळाला होता आणि त्याची गाडी शाळेच्या रस्त्याला दिसली होती. तो आमच्याकडे आलाच नाही. त्याला हायवेवर लांब कुठेतरी पकडलं.

मुलं घरी गेल्यावर बाई माझ्या वर्गात आल्या आणि मुलांच्या एका लहान डेस्कवर बसल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“एप्रिलपासून. नवऱ्याने दिलं. मी दर आठवड्याला सराव करते. चांगली आहे मी त्यात.” मग म्हणाल्या, “माझं बोट ट्रिगरवर होतं. दिसलं तुम्हाला?”

“दिसलं.”

“तो धातूचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, तो आला. माझ्या मागे माझी मुलं होती. समोरच्या आकृतीने हातातली वस्तू वर उचलली तेव्हा मी ठरवलं होतं. तुम्ही ओरडलात ते शब्द मला कळले नाहीत. पण तुमचा आवाज होता.”

मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि धरवलाही नाही. तो हात मी इतका वेळ पाहत होते. मी म्हटलं, “हे मला प्रिन्सिपलना सांगावं लागेल. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं होईल.”

“उद्या सकाळी सांगते,” त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलं. पुढच्या सोमवारी त्यांच्या जागी बदली शिक्षक होता. तब्येतीमुळे लवकर निवृत्त झाल्या असं आम्हाला कळवलं गेलं. त्या पुन्हा शाळेत दिसल्या नाहीत.

मुलगी आठवडाभर गप्प होती. मग एक दिवस सगळे गेल्यावर मागे थांबली. “मिस,” ती म्हणाली, “त्या खरंच मारणार नव्हत्या ना?”

मी म्हटलं, “त्यांना तू आहेस हे माहीत नव्हतं.”

तिने मान हलवली. तिने जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींना कळलं होतं.

नवऱ्याला मी लॉकडाऊनच्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, “म्हणूनच तर प्रॉपर ट्रेनिंग...” आणि मध्येच थांबला. रेंजचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. जेवताना तिने विचारलं, “आई, डज माय टीचर हॅव वन?”

“नाही गं. तुमच्या शाळेत नाही.”

“हाऊ डू यू नो?”

तिच्या ताटात मी भात वाढला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बोर्डाने त्या प्रस्तावावर गावाची सभा घेतली. शाळेच्या कॅफेटेरियात खुर्च्या पुरल्या नाहीत. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. कुबड्यांवाल्या त्या मुलीचे वडील उठले तेव्हा मला वाटलं, आता हा प्रस्ताव संपला. मुलगी शेजारी बसली होती, पाय बरा झालेला. ते शांतपणे बोलले. “त्या दिवशी माझ्या मुलीवर बंदूक रोखली गेली. ज्यांनी रोखली त्यांनी मलाही शिकवलंय. त्या आपल्या वर्गातल्या मुलांना वाचवत होत्या. त्यांना कुणी नीट शिकवलं नव्हतं, ही चूक आपली. शिक्षकांना शिकवा आणि मग द्या.” टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या.

मग माझा नंबर आला. मी आवाज खाली आणला. म्हटलं, “मी तिथे होते. त्यांचे हात थरथरत नव्हते. पाय बरोबर रोवलेले होते, नेम बरोबर होता. शिकवण्यासारखं जे असतं ते सगळं त्या शिकल्या होत्या. समोर कोण आहे एवढंच त्यांना माहीत नव्हतं, आणि ते कुठल्याही रेंजवर शिकवता येत नाही.”

लोक पुढे वाकून ऐकत होते. टाळ्या थोड्याच वाजल्या. वडील खाली बघत होते, मुलगी माझ्याकडे. मतदान झालं आणि प्रस्ताव मंजूर झाला. पार्किंग लॉटमध्ये कोचनी मला गाडीपर्यंत सोबत केली. “तुम्ही चांगलं बोललात,” ते म्हणाले. त्यांनी मत बदललं की नाही हे मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये, मुलं यायच्या आधीच्या आठवड्यात, प्रिन्सिपल एकेका शिक्षकाला केबिनमध्ये बोलावत होते. दार लावून घेऊन त्यांनी मला विचारलं, माझी स्वेच्छेने तयारी आहे का. मी नाही म्हटलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “फक्त एक विनंती. तुम्ही हो म्हणालात की नाही, हे कुणालाही सांगायचं नाही. नाही म्हणणाऱ्यांनीही नाही. त्यातच सगळ्यांची सुरक्षितता आहे.”

मी बाहेर आले. केबिनबाहेरच्या खुर्चीवर ती सायन्सची मुलगी बसली होती, आपल्या नंबराची वाट बघत. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. मग ती उठून आत गेली आणि दार लागलं. मी वर्गात जाऊन फळा पुसायला लागले, पण माझे कान त्या कॉरिडॉरकडेच होते. ती आत बराच वेळ होती.