मुजीब सरांशी सरळ बोला

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मुजीब सरांचं ते ऐकलंत का?" ऐकलेलं असतंच, तरी सगळे पुन्हा ऐकतात. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये मी अकरा वर्षं बायोलॉजी शिकवते. किती बॅचेसची नावं विसरले, पण हे किस्से साठतच चाललेत. पूर्वी आम्ही ते मुजीब सरांच्या माघारी सांगायचो. आता ते समोर बसलेले असतात, आणि तपशील चुकला की दुरुस्त करतात!

सर मूळचे नांदेडचे. वडिलांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान. आमच्याकडं ते टेस्टचे पेपर तपासून फायनल करतात. बोलतात कमी, आणि बोलताना बघतात ते पंख्याकडं.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका पालकानं त्यांना जिन्यात गाठलं. "सर, आमचा पोरगा कसा हाय?"

सरांनी नीट विचार केला. "उंच आहे."

पालक पुढचं ऐकायला थांबलेले. "आन्?"

"मी शिकवत नाही, पेपर बघतो. मला एवढंच माहीत आहे."

पालक खो खो हसले. "हाव, उंच तर हायच की!"

*

एकदा दुसऱ्या दिवशी टेस्ट होती, पेपर छापून गठ्ठे बांधून तयार. मुजीब सर थेट कदम सरांच्या केबिनमध्ये. कदम सर म्हणजे आमच्या क्लासचे मालक.

"छत्तिसाव्या प्रश्नाचे चारही पर्याय चुकीचे आहेत."

"अहो, आता कुणाला कळणार आहे ते?"

"मला कळलं ना."

पेपर पुन्हा छापले. संध्याकाळी सर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तो प्रश्न तुमचा होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "प्रश्न छान होता. फक्त उत्तर नव्हतं!"

*

आमच्या फिजिक्सच्या गायकवाड सरांचं लग्न भोकरला होतं. सगळा स्टाफ गेला. मांडवात डीजेचा असा दणका, की समोरच्या ताटातली जिलबी थरथरत होती. मुजीब सरांनी पिशवीतून डाळ मिलमधले कामगार आवाज अडवायला लावतात तसले कानावरचे मोठे टोप काढले, डोक्यावर चढवले, आणि बाहेर लिंबाखाली टेम्पोच्या कडेला जाऊन बसले. तो टेम्पो नेमका डीजेचा!

थोड्या वेळानं नवरदेवाच्या आत्याबाई तिथं पोचल्या. खांद्याला हलवून म्हणाल्या, "ओ डीजेवाले, झोपून राहिले का? आवाज वाढवा की जरा!"

सरांनी टोप काढला, प्रश्न समजून घेतला, आणि म्हणाले, "मी इथं कमी करायला बसलोय."

"मग करा बाबा एकदाचं!" मागून दोन म्हातारे एका सुरात ओरडले.

*

पण एक किस्सा आम्ही हसत सांगत नाही.

क्लासची नवी बिल्डिंग झाली. मोठा हॉल, लाऊडस्पीकर, एक ट्यूब सारखी लुकलुकणारी. पालक मेळाव्याला हॉल खच्चून भरलेला. कदम सरांनी ऐनवेळी मुजीब सरांनाही पालकांशी बोलायला उभं केलं. एका गृहस्थानं त्यांना तीनदा काहीतरी विचारलं. सर जमिनीकडं बघत उभे. तोंडातून शब्द नाही.

"बोलत का न्हाई हा माणूस? लई माज हाय!"

खरं सांगते, तेव्हा माझ्याही मनात आलं, दोन शब्द बोलायला काय जातं यांचं?

सर तिथून निघून गेले. पेपरच्या स्टोअररूममध्ये खोक्यांच्या मध्ये जाऊन बसले. दोन दिवस कामावर आले, पण कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी राजीनामा. त्यात दोनच ओळी : "मला इथं जमत नाही. याआधी दोन ठिकाणी जमलं नाही."

कदम सरांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, "महिनाभर घरी जाऊन या. मग बोलू."

*

सरांच्या बायको, शबाना भाभी, नांदेडला शाळेत शिकवतात. त्या महिन्यात त्यांनी सरांना डॉक्टरांकडं नेलं.

परत आले ते सर स्टाफरूमच्या मध्यभागी उभे राहिले, आणि पंख्याकडं बघत म्हणाले, "मला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे. मला मागच्या गुरुवारी कळलं."

गायकवाड सर म्हणाले, "मग... बरं कधी वाटेल?"

"हा आजार नाही, मेंदूची घडणच अशी आहे. बरं व्हायचं नाही, बरं राहायचं आहे."

नंतर मला एकटीला त्यांनी अम्मींचं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं अम्मींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मैं तो चालीस साल से समझी, तू मेरे से नाराज है बेटा."

"मी नाराज नव्हतो," सर मला म्हणाले. "कधीच."

माझा चहा तसाच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी बोर्डावर एक कागद लावला. 'माझ्याशी काम करताना : जे हवं ते सरळ सांगा. कार्यक्रम आदल्या दिवशी सांगा. पाठीवर थाप नको. मी गप्प असलो तर रागावलेलो नसतो.'

खाली कदम सरांच्या भाषेचा तक्ता! 'आलोच म्हणजे चाळीस मिनिटं. करून टाकू म्हणजे तुम्ही करा. बघू म्हणजे नाही.'

कदम सरांनी चष्मा वर करून कागद पूर्ण वाचला. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या ओळीत एक शब्द घातला : 'बघू म्हणजे बहुधा नाही.'

लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदलली. स्टोअररूममध्ये खिडकीजवळ टेबल लागलं. राजीनामा सरांना परत मिळाला. मागचा कोरा भाग त्यांनी कच्च्या कामाला वापरला!

*

आता बिराजदार काका. आमची लायब्ररी सांभाळतात, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत. रोज तीच खुर्ची, डब्यात रोज तीच ज्वारीची भाकरी आणि मेथी. लग्नकार्याला गेले तर अक्षता पडताच घरी. आम्ही म्हणायचो, काकांचा स्वभावच तसला.

एके दिवशी ते स्टोअररूमच्या दारात बराच वेळ उभे होते. मी पेपर घ्यायला गेले होते, म्हणून ऐकू आलं.

"सर, त्या डॉक्टरला वयाची काही अट हाय का?"

"नाही," मुजीब सर म्हणाले. "शनिवारी मी नांदेडला चाललोय. सकाळी सातची बस."

शनिवारी मलाही माहेरी नांदेडला जायचं होतं. त्याच बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. तीन तास दोघं शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही.

नांदेडच्या स्टँडवर उतरलो. काकांचा चेहरा असा उजळलेला, की मी बघतच राहिले.

"कसा झाला प्रवास, काका?"

"काय सांगू मॅडम," काका म्हणाले, "इतक्या मनमोकळ्या गप्पा जन्मात पहिल्यांदा झाल्या!"