हिराजीकाकांनी निवडलेला अ‍ॅम्प

स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते, तेवढ्यात हिराजीकाकांच्या मुलीचा, सुवर्णाचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि..." हिराजीकाकांना जाऊन आता महिना होईल. पण आमच्या शाळेत त्यांचा विषय निघाला की अजूनही आधी हसूच येतं.

जुईनगरच्या आमच्या शाळेत ऐकू न येणारी मुलं शिकतात. मी त्यांना नाच शिकवते. मुलं लाकडी स्टेजवर अनवाणी उभी राहतात आणि ठेका तळपायांनी ओळखतात. त्यासाठी काही वर्षांपूर्वी शाळेने दोन सबवूफर घेतले, म्हणजे फक्त खालचा, घुमणारा आवाज काढणारे मोठे स्पीकर. त्यांना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानात गेले, खोक्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेला अ‍ॅम्प निवडला आणि मोठ्या रुबाबात परत आले.

शाळेचं स्नेहसंमेलन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, आणि त्या सकाळच्या तालमीत सगळं बिघडलं. मला आवाज दणदणीत वाटत होता, पण सायली, आमची सर्वांत तयार मुलगी, दर वेळी मध्येच थांबायची. शेवटी तिने हातांच्या खुणांनी सांगितलं, "ठोके एकमेकांत मिसळतायत. चिखलात चालल्यासारखं वाटतंय." मी आवाज वाढवला, तर एका स्पीकरमधून जळका वास यायला लागला. मुलांचे चेहरे उतरले. वर्षभर तयारी केली होती त्यांनी... मी समोरच्या सोसायटीत धावले.

तिथे राहायचे हिराजीकाका. मूळचे न्हावा शेव्याकडच्या गावचे, आणि आयुष्यभर लग्नाच्या हळदींना साउंड लावलेला माणूस. आले, चपला काढून थेट स्टेजवर चढले, ठेका लावायला सांगितला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"मॅडम, खोकं बघून घेतला ना?"

"सर्वांत मोठा आकडा होता, काका."

"तो आकडा क्षनभराचा. एकदा वरडला की दम संपला! सलग किती देतो ते मागं बारीक अक्षरात लिवलेलं हाय. स्पीकर सलग जेवढं झेपवतो, त्याच्या दीडपट तरी अ‍ॅम्पकडं पायजे. नायतर तो धापा टाकतो, ठोक्याचं टोक कापलं जातं. आनि असा धापा टाकनाराच स्पीकर जालतो."

मग त्यांनी मागची वायर पाहिली. मी दोन्ही स्पीकर अ‍ॅम्पच्या एकाच बाजूला जोडले होते, दुसरी बाजू मोकळीच होती. "एकाच खांद्यावर दोन पोती!" म्हणाले आणि इतके हसले, की मुलंही कारण न कळता हसली.

दुपारी ते ऐरोलीच्या गोदामातून स्वतःचा अ‍ॅम्प टेम्पोत घालून घेऊन आले. दोघांनी मिळून उचलावा इतका जड. दोन्ही स्पीकर वेगवेगळे जोडले, बटण मात्र निम्म्यावरच ठेवलं. "ताकद हाय म्हनून सगली वापरायची नसते."

सायली उभी राहिली. एक, दोन, तीन... ती थांबलीच नाही. नाच पूर्ण करून तिने काकांचा हात धरून ओढलं, आणि सत्तरीचे काका हळदीत नाचतात तसे नाचले. दुसऱ्या दिवशी मुलांचा एकही ठेका चुकला नाही.

अ‍ॅम्प न्यायला मात्र ते आलेच नाहीत. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "हलदीत कोन ऐकतं? इथं पाय ऐकतात. राहू दे."

परवा शाळेत शोकसभा झाली. सुवर्णाही आली होती. मुख्याध्यापकांनी खुणांनी सांगितलं, दोन मिनिटं शांतता पाळू. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शांतता तर त्यांच्याकडे दिवसभर असतेच! सायली आता आमच्याच शाळेत मला मदत करते. ती उठली आणि तिने अ‍ॅम्प चालू केला. सगळे अनवाणी स्टेजवर उभे राहिले. ठोके सावकाश, स्वच्छ, एकेक करून पायांतून वर येत होते. सुवर्णाने डोळे पुसले, चपला काढल्या आणि तीही वर आली. थोड्या वेळाने पाहिलं, तर तिचं पाऊल ठेका धरत होतं.

दोन मिनिटं संपली. बटण बंद करायला कोणीच हात पुढे केला नाही.